इतर, असल्यास

नगरपालिकेनं दिलेले एक्केचाळीस फॉर्म,
पुठ्ठ्याला सुतळीनं बांधलेलं पेन,
आणि चेस्टनटच्या रानातून चढताना
दोनदा बंद पडलेली गाडी.
पोर्तुगालच्या ह्या टोकाला पोचले तेव्हा
दारोदार कड्यांना लटकत होत्या
रिकाम्या कापडी पिशव्या,
कुणाची चौकड्याची, कुणाची जुन्या पडद्यातून बेतलेली.
मला वाटलं, आज काही सण असेल.

गावातल्या कोणत्या सोयी आपल्याला मोलाच्या वाटतात?
एक ते पाच गुण द्या.

देओलिंदाबाईंनी चष्मा शोधण्यात पाव तास घालवला
आणि मग म्हणाल्या, तूच वाच.
दवाखाना? मंगळवारी असतो.
इतर वारी आजारी पडत नाही आम्ही, अंगवळणी पडलंय.
बस? तीन दे.
बस बिचारी चांगली आहे,
जाताना पोरांना घेऊन जाते
आणि येताना ड्रायव्हरला घेऊन येते.

मैदानाला मात्र सगळ्यांचे पाच.
अकरा जण धावू शकतील असं गाव उरलेलं नाही,
सेव्हेरिनोच्या मेंढ्या चरतात तिथं,
गोलच्या जाळीवर घेवड्याचा वेल चढलाय.
पण चुन्याच्या रेषा दरवर्षी मारतात.
ऑगस्टात फ्रान्सहून नातवंडं येतात, म्हणून.
आणि समजा नाहीच आली,
तर रेष मारलेली बरी दिसते.

धुण्याचा हौद यादीत नव्हता.
घरोघर मशीन आहे म्हणून साहेबांनी तो खोडला होता.
तिथं चौघीजणी,
कोपरापर्यंत हात गार पाण्यात,
एकच टेबलावरची चादर धूत होत्या
आणि तिच्या निमित्तानं सगळ्या गावाची धुणी.
मशीन स्वच्छ धुतं गं, एतेलविना म्हणाली,
पण डाग कशाचा पडला, ते विचारत नाही.
फॉर्मवर साबणाचं पाणी उडालं,
चौथा प्रश्न वाहून गेला.
कुणाला त्याची उणीव भासली नाही.

दहाला भोंगा वाजला. फिर्मिनोची पावाची गाडी.
कुणी बाहेर येईना.
तोच उतरून पिशव्या भरत गेला,
इथं दोन, तिथं चार, कोपऱ्यावर राईची एक मोठी भाकरी.
हिशेब महिनाअखेरीस, पिशवीतच, चिल्लर कागदात गुंडाळून.
तुमचा फॉर्म? मी विचारलं.
मी इथला नाही, तो म्हणाला, मी फक्त टाकून जातो.

आपत्कालीन सेवा, प्रश्न सातवा.
उरबानोनं काठी भिंतीला टेकवली,
बराच विचार करून 'समाधानी'वर खूण केली.
फेब्रुवारीत पडलो न्हाणीघरात, म्हणाला,
खुबा गेला.
अकरा वाजले तरी माझी पिशवी बाहेरच.
एतेलविना हौदावरून तशीच आली, ओल्या हातांनी,
दार खांद्यानं ढकललं,
आणि आधी पाव आत आणला, मग मला पाहिलं!
ॲम्ब्युलन्सला दीड तास लागला.
तोवर चौघांनी मिळून पाव संपवला.

दीड तासाला तुम्ही समाधानी?

छे. पिशवीला.

ऑफिसात बेरीज जुळेना.
'इतर, असल्यास' ह्या रकान्यात एकोणतीस वेळा पिशवी,
सहा वेळा हौद,
एकदा 'देओलिंदाचा खोकला, ऐकू येतो म्हणून'.
साहेब म्हणाले, पिशवी ही सोय कशी होईल?
तिच्यावर आपला खर्च किती?
मी म्हटलं, काहीच नाही.
मग खोडा, ते म्हणाले.

घरी आले. तिसरा मजला.
माझ्या दाराला बेल आहे,
माशाच्या डोळ्याएवढं भिंग आहे, दोन कुलपं आहेत.
पिशवी अडकवावी असं काही नाही.

खिळा आणलाय.
समोरच्या बिऱ्हाडाचं नाव अजून विचारायचंय.