गोलाईवरचं घर

एजंट हालगे म्हणाला, बघा की मॅडम,
खाली उतरलं की सगळं मिळतंय,
हळकुंड, हातोडी, कफनाचं कापडसुद्धा.
मग जीभ चावली त्यानं.

तिसरा मजला. दीड खोली.
खाली भांड्यांचं दुकान, त्याच्यावर वकील,
वकिलावर मी.
जिन्यातून कपाट वळेना,
दोर लावून खिडकीतून घेतलं
तर अख्ख्या बाजारानं मान वर करून
माझा संसार पाहून घेतला.

बहीण म्हणते, याच पैशात बार्शी रोडला
अंगण आलं असतं, पेरूचं झाड.
आलं असतं.
पण एकवीस वर्षं इथल्या वह्या लिहिल्या मी
आणि रोज सातची बस गाठली.
शटर पडल्यावर ही गोलाई काय करते
ते कधी दिसलंच नाही.

आता दिसतं.
भांडीवाला कुलूप दोनदा ओढून बघतो.
हातगाड्यावर कुणीतरी पाय पसरतं.
सोळा रस्ते रिकामे होतात
आणि एक गाय मधोमध उभी,
कुठला धरावा ते ठरेना तिचं.

मीही जागीच.
नळ पहाटे चारला येतो, हालगे म्हणाला होता.
रोज येतो, असं नव्हता म्हणाला.