पाठमोरे दोन सेकंद

हवालदार निवास फडतरे दुकानात आले तेव्हा
मी कुणाच्या तरी हळदीचं एडिटिंग करत होतो.
रुमालात गुंडाळलेली सीडी काऊंटरवर ठेवली,
म्हणाले, "यात मी आहे. सापडतो का बघ."

गुलमर्गचा डोंगर. परदेशी पोरं
दोन्ही पाय एकाच फळीला बांधून
खाली उतरत होती,
कोऱ्या मांजरपाटावर शिंप्याचा खडू फिरावा तशी.
एकोणिसाव्या मिनिटाला, कडेला, एक पाठ.
खांद्यावर दोराचं भेंडोळं, हातात बॅटऱ्यांची पेटी.
दोन सेकंद.
मग फळीवाला हवेत उडतो
आणि कॅमेरा त्याच्या मागे जातो.

"हळू कर."
केलं.
"अजून."
दोन सेकंदांची मी अकरा केली.
त्याहून ताणलं असतं तर नुसते ठिपके उरले असते.

त्या शनिवारी परळी खोऱ्यात, त्यांच्या वाडीत,
ग्रामपंचायतीच्या भिंतीवर फिल्म लागली.
बायका म्हणाल्या, केवढं हे मीठ सांडलंय!
एक म्हातारा म्हणाला, पगार काय देतात यांना?
पाठ आली तशा शिट्ट्या.
वत्सलाकाकूंनी डोळे बारीक केले,
"स्वेटर माझ्या हातचा," एवढंच बोलल्या.

सुताराच्या स्वरांजलीनं काहीच विचारलं नाही.
आठवीतली पोर, चार दिवस
डोंगराच्या गवताकडे बघत राहिली.

माघात आमचे उतार वाळून पिवळे पडतात,
कुसळी पायाखालून सटकते.
गुराख्यांना हे पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक,
पण पडण्याला खेळ कुणी म्हटलं नव्हतं.

शाळेच्या मोडक्या बाकाची फळी.
गुऱ्हाळात काहिलीच्या वाफेवर धरून
बापानं टोक वाकवलं. दोन मोडल्या,
तिसरी नमली; अजून तिला गुळाचा वास येतो.
ट्रॅक्टरच्या ट्यूबचे पट्टे,
तळाला लोडशेडिंगच्या काळातल्या मेणबत्त्या घासलेल्या.

मी लग्नाचा कॅमेरा घेऊन पालथा पडलो.
पहिल्या दिवशी ती चौदा वेळा घसरून आपटली,
मी झोपलेला असून दोनदा.
शर्टात शिरलेली कुसळं बायको आठवडाभर वेचत होती.
खाली बांधावर फडतरे उभे, हात तोंडाशी धरून ओरडत:
"गुडघे मोड! दगडाकडं बघू नको,
जायचंय तिकडं बघ!"

तिसऱ्या दिवशी, उन्हं कलताना,
करवंदीच्या जाळीपर्यंत बावीस सेकंद.
मागे उठलेला धुरळा
उजेडाच्या विरुद्ध पांढरा दिसला.
आम्ही कुणीच बोललो नाही.
मग ती जाळीतून ओरडली, "घेतलं का?"
घेतलं होतं.

फडतऱ्यांनी बूट काढून पाय मोकळे केले.
डाव्या पायाला तीनच बोटं.
पोर बघत राहिली.
"दोन तिकडं वर राहिली," ते म्हणाले,
"फिल्मच्या आधी. तिथं कॅमेरा नव्हता."
आणि मोजा चढवून
फळीचं टोक चिरलंय का ते तपासू लागले.

आता खोऱ्यात अठरा फळ्या आहेत.
हेडमास्तरांनी उरलेले बाक कुलपात घातलेत.
एका आईनं माझ्याकडे गुडघ्यांचा हिशेब मागितला,
मी आयोडीनची बाटली देऊन आलो.

मी अजून लग्नंच करतो, म्हणजे लग्नांचं शूटिंग.
पण कॅमेरा हल्ली आपोआप खाली जातो,
तांदळाच्या पुंजक्यांवरून सरकणाऱ्या पावलांशी.
कडेनं कुणी पाठमोरा खुर्च्या वाहत जात असेल
तर त्याला कापत नाही.

काल कोरेगावहून फोन आला, नवरीचे वडील:
"अहो, हा खुर्च्यावाला कोण आमच्यात?"
म्हटलं, नाव माहीत नाही.
दोनच सेकंद आहे.
राहू द्या.