बावन्न सेकंदांचं वेटिंग

जेल रोडवरून बिटकोकडे निघालो होतो,
हातात अण्णांच्या लघवीची बाटली.
लॅबवाल्यानं बजावलेलं, तासाच्या आत आणा.
आणि गल्ली संपायच्या आत, मनपा शाळेच्या फाटकापाशी,
पेखळेंनी रिक्षा बंद केली.
बंद म्हणजे किल्लीच फिरवली
आणि खाली उतरून उभे राहिले, चपला जुळवून.

काय झालं हो, म्हटलं.
बोलले नाहीत.
मग भिंतीपलीकडून खणखणीत हुकूम आला,
राष्ट्रगीत, एक साथ, शुरू कर,
आणि दोनशे पोरं सुरू झाली
जो तो आपापल्या पट्टीत.

बसून राहावं, तर समोर पेखळेंची पाठ.
खाकी शर्ट, कॉलर विरली म्हणून उलटून शिवलेली.
उतरलो.
आता बाटलीचा प्रश्न.
मुठी वळलेल्या, अंगठे विजारीच्या शिवणीवर,
एवढं मला अजून आठवतं.
पण मुठीत असलं काही असेल तर काय करायचं
हे नागरिकशास्त्रात नव्हतं.
पाठीमागे लपवली.
लपवणं बरं दिसेना.
पुन्हा पुढे आणली, शिवणीला लावून धरली.
अजून कोमट होती.

एक उशिरा आलेलं पोरगं
धावता धावता फाटकाबाहेरच थिजलं,
एक पाय पुढे, दप्तर कोपरापर्यंत घसरलेलं.
त्याची पाण्याची बाटली सुटली
आणि उतारावरून गडगडत आमच्याकडे आली.
त्यानं मान वळवली नाही.
पेखळेंनी पाय पुढे केला नाही.
बाटली दोघांच्या मधून गेली
आणि गटाराच्या जाळीला जाऊन टेकली.

मागून एक बुलेटवाला आला,
हॉर्न दाबत, रिक्षाला वळसा घालून निघून गेला.
मी त्याच्यावर असे डोळे वटारले
की पार चौकापर्यंत माझी मान त्याच्यामागे गेली.

संपलं.
पेखळेंनी बाटली उचलली, शर्टाला पुसली,
पोराला दिली. पळ, म्हणाले.
किक मारता मारता मला म्हणाले,
"त्याच्याकडं बघायला गेलात,
तुमचंच सावधान मोडलं की."

मी गप्प. मग विचारलं, मिलिटरीत होता का?
देवळालीच्या तोफखान्यात वगैरे?
"छे हो. चौथीत तीनदा बसलो.
शाळेतलं एवढंच एक मला शेवटपर्यंत येतं.
मधनंच सोडवत नाही."

बिटकोला मीटरवर वेटिंग धरून अडतीस झाले होते.
त्यांनी छत्तीस घेतले.
मी आग्रह केला, तर म्हणाले,
तेवढ्या वेळाचं भाडं कुणाच्या नावावर लावू?

घरी अण्णा. आठ महिने पाठीवर.
शाळा आमच्या खिडकीला लागून.
तो आवाज रोज येतो,
म्हणजे दूध तापत ठेवायचं, एवढाच माझा त्याच्याशी संबंध.
नेमकी तेव्हाच अण्णांची पांघरुणात चुळबुळ चालते.
मला वाटायचं, पायाला मुंग्या येत असतील.
एकदोनदा तेलही चोळून दिलं.

दुसऱ्या दिवशी काहीतरी आठवून मी बाहेर आलो.
पांघरूण पायथ्याशी सरकलेलं.
डावी टाच त्यांची हलत नाही.
उजवी गादीवरून इंच इंच सरकत
डावीपाशी गेली,
तिला टेकली,
आणि थांबली.
हनुवटी किंचित वर.
डोळे छतावरच्या पंख्याकडे, जो बंद होता.

मी दारात उभा राहिलो, हातात सांडशी.
ती शिवणीला लावून धरली.
आत दूध वर चढत होतं,
त्याचा आवाज मला नीट कळतो.
चढू दिलं.