बारा व्होल्ट

शेड बांधलं होतं कुटारासाठी,
परसबागेत, वांग्यांच्या ओळी संपतात तिथं.
चार बल्ल्या, सात टिना.
त्याच साली म्हैस विकली.
रिकामी जागा माझ्या हातांना सोसत नाही.

मी मोटारी वाइंडिंग करणारा.
विहिरीविहिरींच्या जळक्या मोटारी ओट्यावर येतात,
त्यांचं काळं पडलेलं तांबं सोडवायचं, नवं भरायचं.
उरलं सुरलं पिशवीत साठत गेलं.
पिशवीतून रूळ निघाले.

स्लीपर तुराटीचे, एक हजार एकशे चाळीस.
खडी म्हणजे नाल्याची रेती,
गव्हाच्या चाळणीतून काढलेली,
त्या चाळणीपायी बेबी दोन दिवस माझ्याशी बोलली नाही.
इंजिनाच्या पोटात टेपरेकॉर्डरची मोटार.
धूर एका बोंडाचा, सरकी काढून.
माती मात्र खरीच, काळी.
तिच्यासारखं दुसरं काही सापडलं नाही.

गाडी आमचीच, उखडून नेली ती.
तिच्यात मी कधी तिकीट काढलं नाही,
शेवटच्या दिवशीही नाही.
हे कोणाला सांगितलेलं नाही.

झिंगरूजी आले, फाटकावर एकतीस वर्षं काढलेले.
डालड्याच्या डब्यावर बसले, चष्मा कपाळावर.
बोट ठेवलं.
"इथं सिग्नल कायले लावला?
इथं सिग्नल नोयता बापा.
इथं मी होतो."

मी सिग्नल उपटला.
तारेचा माणूस केला, करंगळीच्या पेराएवढा,
हातात हिरवी चिंधी.
त्यांनी पाहिलं. म्हणाले, "टोपी?"

जाताना दारातून बोलले,
"सांध्यात फट ठेवजो.
लोखंडाले बी उन्हाया लागते."
मी हसलो. माझं तर तांबं.

मे महिन्यात, दुपारी दोन वाजता,
टिनांखाली हात ठेववत नव्हता.
नाल्यावरच्या पुलाजवळ रूळ उठला,
खाटेवर वाळत घातलेल्या पापडासारखा.
आणि डबे, तीनही, पुलाखाली.

मग करवत घेतली.
वीतवीतभरावर चिरत गेलो,
ब्लेडच्या पात्याएवढी एकेक फट,
खालून बारीक तारेचा टाका,
कारण करंट काही उडी मारत नाही.
आठ दिवस गेले त्यात,
आणि दोन गिऱ्हाइकं.

बटण दाबलं.
खट खट. खट खट.

तोवर गाडी मुकी होती
हे मला माहीतच नव्हतं.
मी मोटारीत आवाज शोधत होतो,
तेल बदलून पाहिलं, चाकं घासून पाहिली,
आणि तो होता
जिथं मी काहीच ठेवलं नव्हतं तिथं.

झिंगरूजींना बोलावलं. रात्री आले, काठी टेकत.
फवारणीच्या पंपाची बॅटरी जोडली, बारा व्होल्ट.
गाडी स्टेशनातून सुटली, वळणावर अडली,
मी बोटानं ढकलली, पुन्हा अडली,
अखेर फाटकाशी आली.
त्यांनी मनगट वर केलं. घड्याळ नव्हतं.
"सतरा मिन्टं लेट," म्हणाले.
"म्हंजे बरोबर हाये."

दुसरी फेरी पुलावर असताना
बेबी आली, हातात टॉर्च.
"तुरीवर अळी पडली,
सकायी पाचले फवारा लागते,
बॅटरी द्या."
चार्ज उरला होता दोन काड्या.
मी चिमटे काढले.
गाडी पुलावरच उभी राहिली,
इंजिन इकडे, गार्डाचा डबा तिकडे,
मधे कोरडा नाला.

मी उचलून ठेवायला वाकलो
तर झिंगरूजींनी मनगट धरलं.
"हात नोको लावू.
गाडीत लोक हायेत."

बेबीनं टॉर्च पुलावर मारली,
डब्याच्या खिडक्यांवर,
जिथं मी अजून कोणाला बसवलंच नव्हतं.
"मंग?" ती म्हणाली.
"मंग काय. बसाचं.
येते दुसरं इंजिन."

ती बॅटरी मांडीवर घेऊन
उंबऱ्यावर बसली.