न जुळलेले

परभणीत एप्रिलमध्ये रात्रीही भिंती निवत नाहीत.
लॅबमध्ये एसी एकच, तो सर्व्हरला.
मी त्या खोलीच्या दाराशी खुर्ची ओढते
आणि फटीतून येईल तेवढ्या गारव्यावर भागवते.

पडद्यावर चार अक्षरं. ए, टी, जी, सी.
बाराखडीपर्यंत पोचलीच नाही ही लिपी,
पण ज्वारीने तिच्यातच लिहून ठेवलंय
ताट किती वाढवायचं, दाणा कधी भरायचा,
पाण्याने दगा दिला तर पान कसं गुंडाळायचं.

केवळाबाई मुंढेंनी दोन पुरचुंड्या दिल्या होत्या,
एकीला काळा दोरा, एकीला लाल.
"ही चिमणडोळी, ही गोंडाळी. मिसळू नको माय."
नाही मिसळल्या.
कुंड्यांत पेरल्या, पानं ठेचली, डीएनए हैदराबादला पाठवला.
कुरिअरने हार्ड डिस्क परत आली:
दीडदीडशे अक्षरांचे तुकडे, कोटीच्या हिशेबात.
रास पडली खळ्यावर, पण ताट कुठलं, कणीस कुठलं
काही म्हणजे काही कळेना.

तुकडे लावायला एक संदर्भ लागतो.
संदर्भ म्हणजे परदेशातली एक ज्वारी,
बुटकी, यंत्राने कापायला सोयीची,
जी आधीच पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचून झालीय.
आपला तुकडा तिच्यात बसेल तिथे बसवायचा.
नाहीच बसला तर वेगळ्या फाइलीत टाकायचा.
त्या फाइलीचं नाव 'न जुळलेले'.
ती सहसा कुणी उघडत नाही. मीही नाही.

तीन आठवडे. दोनदा लाइट गेली,
एकदा नव्वद टक्क्यांवर.
निकाल: दोन्ही वाण एकच.
लोखंडे सर म्हणाले, "जुन्या माणसांना
नावं ठेवायला काय लागतं? पेपर लिहायला घ्या."

केवळाबाईंनी वाद घातला नाही.
बाजारच्या दिवशी आल्या, मला उठवलं,
शेख चाँद भडभुंज्यापुढे नेऊन उभं केलं.
तापल्या वाळूत चिमणडोळी पडली
आणि कढईला मावेना, तडतडून बाहेर.
मग गोंडाळी. ती नुसती लाल होत गेली,
चारदोन दाणे फुटले, तेही चुकून फुटल्यासारखे.
शेख चाँद वर न बघता म्हणाले, "हिची भाकर करा."
केवळाबाई माझ्याकडे बघत होत्या.
लाह्या पदरात बांधून बसस्टँडकडे गेल्या.

त्या रात्री मी फाइल उघडली. अकरा जीबी.
त्यात काणीची बुरशी निघाली, मातीतले जिवाणू,
आणि कुठेकुठे मी स्वतः, हातमोजा न घालता घेतलेली मी.
हे सगळं पाखडून बाजूला केलं.
संदर्भही बाजूला केला.
तुकड्यालाच विचारत गेले, तुझ्या शेजारी कोण?
आणि त्याने शेजारी दाखवला, त्या शेजाऱ्याने पुढचा.

चार हजार एकशे बारा अक्षरं.
चिमणडोळीत आहेत, गोंडाळीत नाहीत,
परदेशी ज्वारीला तर ठाऊकच नाहीत.
लाही फुटते ती यांच्यामुळेच का?
असेल. नसेलही. एवढ्यावरून छापता येत नाही.
सरांना अजून बोलले नाही.

सकाळी फोन लावला. किती सांगायचं होतं.
पलीकडे शेळी ओरडत होती,
आणि केवळाबाईंनी माझ्या आधीच विचारलं,
"दोरे सुटले नाहीत ना गं?"