जोड लावणारी

मांढळच्या अलीकडे, सोसायटीच्या जुन्या गोदामात
आम्ही अकरा जणी मातीचे दागिने करतो.
पंचफुला बोडीतली माती गाळते
जुन्या लुगड्यातून, दोनदा.
निर्गुणा मणी वळते, बोलता बोलता.
बोलणं थांबलं की मणी वाकडे होतात,
म्हणून तिला कुणी गप्प बस म्हणत नाही.
भट्टी रुख्मा कुंभारेकडे.
तिच्या सासऱ्यानं जन्मभर रांजण घडवले,
तो रोज येतो, एक झुमका तळहातावर घेतो
आणि विचारतो, "याच्यात पानी किती मावंल वं?"

माझं काम जोड लावायचं.
हातानं केलेले दोन झुमके सारखे निघत नाहीत.
घाण्यातले तीनशे पाटावर पसरते
आणि एकाला दुसरा शोधते.
हा जरा लांबट. हा तणसाच्या धगीत काळवंडला,
त्याच्यासारखा काळवंडलेला असेल कुठंतरी.
जोडीमागं चार रुपये.
याला शाळा लागली नाही, चष्मा लागला.
पहिल्या पैशातून तोच घेतला,
दुकानदारानं विचारलं, वाचायला का?
मी हो म्हटलं.

माझे स्वतःचे कान भुंडे.
डूल इतवारीत गहाण गेले, सुटले नाहीत.
उजवी पाळी फाटलेली आहे.
तान्ह्या पोरानं ओढली असं सांगते मी.
पोरगा तेव्हा झाला नव्हता.

मार्चात नागपूरला प्रदर्शन होतं.
मोर भवनला उतरलो, डोक्यावर खोकी,
खोक्यात तणस, तणसात झुमके, अंड्यांसारखे.
दुपारी एक बाई आल्या, गॉगल केसांवर,
जोडी उजेडात धरून म्हणाल्या,
"दोन्ही सारखे नाहीत. कमी करा."
निर्गुणा पहिल्यांदा गप्प झाली.
मी चष्मा पुसला, बाईंकडे नीट पाहिलं.
"तुमचा डावा कान उजव्याहून खाली हाय, बाई.
त्याच्या हिशेबानं लावून देऊ का?"

दहा मिनिटं शोधलं.
आखूड डाव्याला, लांबट उजव्याला.
आरशात त्या बराच वेळ उभ्या राहिल्या,
मान इकडे, मान तिकडे.
एकशे ऐंशी रुपये दिले पुरते.
आभार नाही मानले. मानायचे कशाला,
कानाचं खोटं तर मीच काढलं होतं.

परतीच्या बसमध्ये मला झोप लागेना.
कंडक्टरचे कान, पुढच्या म्हाताऱ्याचे,
पंचफुलाचे, खांद्यावर कललेले.
उमरेड रोडभर बघत आले,
सारखी जोडी एकही नाही.

रोज थोडे उरतात, जोड न लागलेले.
ते मी डालड्याच्या जुन्या डब्यात टाकते.
डबा आता गळ्याशी आलाय.
पंचफुला म्हणते, कुटून टाक, भिजव, पुन्हा वळू.
भाजलेली माती भिजत नाही
हे तिला माझ्याहून बरं ठाऊक आहे,
तरी म्हणते.

राहू दे म्हटलं.
सोमवारी रुख्मा नवा घाणा काढणार आहे.