उभी, आडवी

शाळेच्या फळ्यावर कालचा पाठ पुसायचा राहून गेला होता:
एक लिटर म्हणजे हजार मिलिलिटर.
त्याच्याच खाली टेबल मांडलं,
खोक्याला लाख लावली,
आणि शाईची बाटली माझ्या हातात दिली.
मी अंगणवाडीची मदतनीस. खिचडीवाली.
गावातली बोटं ओळखते, म्हणून.

कागदावर दोन चित्रं.
उभी बाटली: दुकान येऊ द्या.
आडवी बाटली: सतरा वर्षं आहे तसंच राहू द्या.
दर बाईला समजावून सांगता सांगता
साहेबांचा घसा बसला.
पोचूबाई निकुरे म्हणाली,
"मा घरी बाटली उभीच रायते, साहेब,
माणूसच आडवा होते.
त्याचं चित्र नाई का?"
साहेबांनी पाणी मागितलं.

पुरुषांना आत मनाई होती.
पंचायतीच्या ओट्यावर ते दाढ्या करून बसले होते,
धुतलेल्या सदऱ्यांत, मुलगी बघायला आल्यासारखे.
आठवडाभर त्यांनी बोअरिंगचं पाणी भरलं,
रोवण्याला वाकलेल्या बायकांना
बांधावर चहा नेऊन दिला.
चहात साखर जास्त होती.

येनूबाई रांगेत पहिली.
सतरा वर्षांपूर्वी भट्टीवरची मडकी तिनं फोडली,
एका खापराची खूण अजून भिवईवर आहे.
बोट पुढं करून म्हणाली,
"गडद लाव वो. पुसली नाई पायजे."

तेव्हापासून गावात दारू नव्हती.
म्हणजे दुकान नव्हतं.
दारू नदीपलीकडून यायची,
सायकलच्या ट्यूबमधून, दुधाच्या कॅनमधून,
एकदा म्हणे तिरडीच्या बांबूतूनसुद्धा.
पोलीस पाटलाची म्हैस आटली
तरी त्याचा कॅन भरून यायचा.

आणि माझा भाऊ नीलकंठ
दारू नसलेल्या गावात दारूनं गेला.
पलीकडची पन्नी.
सकाळी उठून म्हणाला,
"ताई, दिवा लाव ना वो, अंधार हाये,"
आणि ऊन अंगणात तुळशीपर्यंत आलेलं.
मी दिवा लावला.
दुसरं काय करणार होते?

सगळ्यात शेवटी मी माझ्याच बोटाला शाई लावली
आणि पडद्याआड गेले.
लेबल लावलेली पिऊनही माणूस मरतो.
पण उशिरा मरतो,
आणि डोळ्यांना दिसत असतं तोवर.
एवढाच हिशोब होता. शिक्का हलका उमटला,
म्हणून पुन्हा दाबला.

मोजणीत तेवीस बाद निघाली.
एकीनं दोन्ही बाटल्यांवर मारला होता.
एकीनं शिक्का घेतलाच नाही,
कपाळाची टिकली काढून
आडव्या बाटलीवर चिकटवली होती.
साहेब बराच वेळ त्या कागदाकडे बघत राहिले,
मग बादच्या गठ्ठ्यात ठेवला.

उभी. एकोणीस मतांनी.
ओट्यावर दोन फटाके फुटले, तिसरा ओला निघाला.
येनूबाई माझ्याजवळ येऊन बसली, हळूच म्हणाली,
"कोणत्या असतीन वो त्या?"
मी शाईच्या बाटलीचं झाकण लावत होते.
आटे बसत नव्हते.

आता फाट्यावर दुकान आहे. हिरवं शटर,
भाव छापलेला, मागितलं तर बिलही मिळतं.
मार खाणाऱ्या बायका त्याच आहेत.
आंधळं मात्र अजून कुणी झालं नाही.
रात्री पुलियाच्या कठड्यावर रिकाम्या बाटल्या
ओळीनं उभ्या करून ठेवतात पोरं,
आणि पहाटे शेतावर जाताना येनूबाई
एकेक आडवी करत जाते,
निजलेल्या लेकराची मान उशीवर सरळ करावी तशी.

काल एक तिच्याकडून सुटली.
मी मागून येत होते, थांबले.
अर्धी भरली होती पावसाच्या पाण्यानं,
आत एक मुंगी पोहत होती.
माझ्या नखावरची शाई आता टोकाला आली आहे,
पुढच्या वेळी नख कापलं की जाईल.
येनूबाईनं वळून पाहिलं.
मी खाली वाकले
आणि चपलेचा पट्टा नीट करू लागले.